जुन्या घराचा गिलावा

घर बांधणें हें आयुष्यांत एकदां होणारें काम आहे, असें आपले वडीलधारे सांगतात; परंतु घर राखणें हें काम दर पावसाळ्यानंतर नव्यानें करावें लागतें. पहिल्या कामाचें कौतुक फार होतें, दुसऱ्याकडे कोणी फारसें पाहत नाहीं. तथापि कोणतें घर नातवंडांच्या उपयोगीं पडेल आणि कोणतें चाळीस वर्षांतच मोडकळीस येईल, याचा निकाल बहुधा या दुसऱ्या कामावर लागतो.

या लेखांत आम्ही घराच्या बाहेरील आवरणाची दुरुस्ती कशी योजावी, एवढाच विचार करणार आहों. विषय गवंड्याचा दिसतो खरा. पण त्यांत रसायनशास्त्र आहे, गणित आहे आणि आपल्या शहराचा इतिहासही आहे. विद्यार्थ्यांनीं हा लेख एकट्यानें न वाचतां घरच्या मंडळींस वाचून दाखवावा, अशी आमची इच्छा आहे; कारण भिंतीवर होणारा खर्च हा बहुधा साऱ्या कुटुंबाच्या शिलकीतला असतो.

आवरणाचें काम

भिंतीचा गाभा भार वाहतो व आवरण ऊनपाऊस सोसतें. ही कामाची वांटणी ध्यानांत आली म्हणजे अर्धा विषय समजला. उत्तर अमेरिकेसारख्या थंड प्रदेशांत लाकडी सांगाड्याच्या घरांस बाहेरून आडव्या फळ्या अशा बसवितात कीं, वरच्या फळीची कड खालच्या फळीवर थोडी चढलेली असते. त्यामुळें पावसाचें पाणी आंत न शिरतां पुढून ओघळून जातें. फळ्या कुजल्या कीं त्या काढून नव्या बसवितात. सांगाडा जागच्या जागीं राहतो. कोंकणांत जांभ्या दगडाच्या भिंती पुष्कळदां उघड्याच ठेवतात, आणि मातीच्या भिंतींस पावसाळ्यापुरता विणलेल्या झापांचा आडोसा करितात.

आमच्या मराठवाड्यांतील जुन्या घराची रीत निराळी. खालीं काळ्या दगडाचें जोतें, त्यावर वीट किंवा माती, मधून मधून लाकडी खांब व तुळया, माथ्यावर पांढऱ्या मातीचें माळवद, आणि बाहेरून चुन्याचा गिलावा. येथें वर्षाकांठीं सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो व त्यांतील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच येतो. उन्हाळ्यांत पारा ४० अंशांच्या वर चढतो. उन्हानें भिंत फुगते, रात्रीं आकसते. आकसतांना बारीक चिरा पडतात आणि पुढच्या पावसांत त्या चिरांतून पाणी आंत जातें. गिलावा ही अशा रीतीनें झिजण्यासाठींच घातलेली वस्तु आहे. तो झिजला तरी भिंत शाबूत राहिली, तर त्यानें आपलें काम चोख बजाविलें असें समजावें.

शहराची साक्ष

या विद्येचे उत्तम धडे आपल्या शहरांतच आहेत. मलिक अंबरानें १६१० मध्यें खडकी येथें हें नगर वसविलें. १६५३ मध्यें औरंगजेब दख्खनचा सुभेदार होऊन पुन्हां आल्यावर त्याचें नांव औरंगाबाद पडलें, आणि २०२३ पासून तें छत्रपति संभाजीनगर या नांवानें ओळखलें जातें. नांवें बदललीं, पण काळा दगड व चुना ही जोडी तीच राहिली. १६१२ मध्यें उभारलेला भडकल दरवाजा अजून उभा आहे.

बीबीच्या मकबऱ्याकडे पाहावें. औरंगजेबाची पत्नी दिलरास बानू बेगम १६५७ मध्यें वारली. तिच्या स्मरणार्थ पुत्र आझमशहाच्या नांवें ही इमारत उभी राहिली. रचनाकार अताउल्ला व स्थापत्यकार हंसपतराय यांचीं नांवें तेथील दरवाजावर कोरलेलीं आहेत. दुरून पाहणारास सारी वास्तु संगमरवरी वाटते. वस्तुतः संगमरवर आहे तो खालीं कमरेच्या पट्ट्यापर्यंत आणि वर घुमटास. मधला सारा भाग आपल्याच काळ्या दगडाचा असून त्यावर घोटून गुळगुळीत केलेला बारीक चुन्याचा गिलावा व त्यांतच काढलेली नक्षी आहे. या कामास ६,६८,२०३ रुपये ७ आणे खर्च आला, अशी नोंद गुलाम मुस्तफाच्या तारीखनाम्यांत सांपडते. खर्चास मर्यादा होती. म्हणून महाग दगड मोजक्या जागीं आला आणि बाकीचें काम चुन्यावर सोंपविलें गेलें. जेथें माणसांचा हात व पाय लागतो तेथें, आणि जेथें सर्वांची दृष्टि प्रथम जाते तेथें संगमरवर, असा त्याचा परिणाम दिसतो. आपल्या घरच्या खर्चाची वांटणी करतांनाही हा नमुना डोळ्यांसमोर ठेवण्याजोगा आहे.

याहून जुना धडा वेरूळचा. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळीं, म्हणजे आठव्या शतकांत, कोरलेल्या कैलास लेण्यावर एके काळीं गिलावा व रंग होता, म्हणून लोक त्यास रंगमहाल म्हणत. तेथील मातीच्या गिलाव्याची तपासणी करून संशोधकांनीं २०१६ मध्यें असें प्रसिद्ध केलें कीं, त्यांत भांगेच्या झाडाचे तंतु व कुटार मिसळलेलें होतें, आणि त्यामुळें किडींचा उपद्रव कमी झाला असावा. अजिंठ्याच्या गिलाव्यांत गवत, भुसा अशा वनस्पति आहेत, पण भांग आढळली नाहीं. आणि तेथें किडीनें चित्रांचें नुकसान केलेलें आहे. गिलाव्यांत काय मिसळलें, या लहानशा गोष्टीवर दीड हजार वर्षांनंतरची स्थिति अवलंबून राहते, हें यावरून दिसेल.

चुन्याचें रसायन

चुनखडी सुमारे ९०० अंश उष्णतेवर भाजली म्हणजे तिच्यांतून कर्बद्विप्राणिल वायु निघून जातो व चुनकळी उरते. शुद्ध चुनखडी १०० किलो घेतली, तर ४४ किलो वायु जाऊन ५६ किलो कळी राहते. या कळीवर पाणी घातलें कीं ती फसफसून तापते व १८ किलो पाणी शोषून ७४ किलो विरलेला चुना होतो. हाच चुना वाळूंत मळून भिंतीवर लावला म्हणजे तो हवेंतील तोच वायु हळूहळू परत घेतो आणि पुन्हां चुनखडी बनतो. म्हणजे दगडाचें पीठ करून तें भिंतीवर लावावें व तेथें त्याचा पुन्हां दगड व्हावा, असें हें चक्र आहे. परंतु या शेवटच्या क्रियेस ओलावा, हवा आणि महिनोगणती अवकाश लागतो. कडक उन्हांत गिलावा एका दिवसांत सुकला तर तो वाळतो, पण दगड होत नाहीं; हातानें घांसल्यास भुकटी पडते. पुष्कळ लोक अशा वेळीं चुन्यास दोष देतात. दोष घाईचा असतो.

जुने गवंडी चुना व वाळू बैलाच्या घाणींत दळून एकजीव करीत, विटांची भुकटी म्हणजे सुरखी घालून ओल सोसण्याची शक्ति वाढवीत, आणि गूळ, बेलफळाचा गर किंवा हिरड्याचें पाणी मिसळीत. यांतील प्रत्येक पदार्थाचें काम होतें. ती केवळ रूढि नव्हती.

येथें एक सूचना विद्यार्थ्यांस आवर्जून देतों. चुनकळी विरवितांना उकळी फुटते व शिंतोडे उडतात. डोळ्यांत चुना गेल्यास दृष्टि जाऊं शकते. तसें झाल्यास डोळा न चोळतां स्वच्छ पाण्यानें बराच वेळ धुवावा व विनाविलंब डॉक्टरांकडे जावें.

सिमेंटचा प्रश्न

इंग्लंडांत जोसेफ ॲस्पडिन यानें १८२४ मध्यें पोर्टलंड सिमेंटचा हक्क नोंदविला. आपल्या देशांत १९१४ मध्यें पोरबंदर येथें त्याचें उत्पादन सुरू झालें. सिमेंट लवकर घट्ट होतें, सर्वत्र मिळतें आणि तें वापरणारे कारागीरही पुष्कळ आहेत. सिमेंट-काँक्रीटच्या नव्या घरास सिमेंटचाच गिलावा योग्य होय; तो दोन थरांत मिळून सुमारे २० मिलिमीटर जाड द्यावा आणि निदान सात दिवस त्यावर पाणी मारावें.

परंतु जुन्या वीट-मातीच्या भिंतीची गोष्ट वेगळी आहे. अशी भिंत जमिनींतील ओल वातीप्रमाणें वर ओढते. बाहेर चुन्याचा गिलावा असला, तर ती ओल त्याच्या सूक्ष्म छिद्रांतून उन्हाबरोबर निघून जाते. त्यावर सिमेंटचा कठीण थर चढविला कीं वाट बंद होते. ओल भिंतींतच कोंडते, आणखी वर चढते, तुळयांचीं टोंकें कुजविते. पाण्याबरोबर आलेले क्षार गिलाव्याच्या पाठीमागें स्फटिक होऊन फुगतात. यासच आपण लोणा म्हणतों. दोनचार पावसाळ्यांनंतर गिलाव्याचा पापुद्रा सुटतो आणि पडतांना विटेचा पृष्ठभागही ओढून नेतो. शिवाय जुनी भिंत उन्हापावसांत किंचित हालते. चुना तितकें सोसतो, सिमेंट तडकतें. तात्पर्य, आवरण हें गाभ्याहून कठीण नसावें. गाभ्याआधीं आवरणानें झिजावें, हा नियम मोडला म्हणजे झीज गाभ्याच्या वाट्यास येते. भिंतीवर चकचकीत फरशा चिकटविणें किंवा हवाबंद रंग देणें यालाही हाच आक्षेप आहे.

एका घराचा विचार

आतां औरंगपुऱ्यांतील एक घर कल्पूं या. घर दुमजली, जुनें. वैशाखांत मुलीचें लग्न आहे. पश्चिमेच्या भिंतीचा गिलावा ठिकठिकाणीं पडला आहे. वडिलांचा विचार असा कीं, चारही बाजूंचा जुना गिलावा उतरवून महिन्याभरांत सिमेंट करावें व वर रंग द्यावा. मांडवांत येणाऱ्या चार लोकांपुढें घर नीटनेटकें दिसावें. आजोबा म्हणतात, चुन्याखेरीज दुसरें कांहीं लावूं देणार नाहीं. शिल्लक रक्कम एकच, आणि तीतून लग्नही व्हावयाचें आहे. या वादांत दोघांचेंही म्हणणें रास्त आहे. म्हणून वादाऐवजीं पाहणी करावी हें बरें.

प्रथम ओल कोठून येते तें शोधावें. जमिनीपासून दोनतीन फूट उंचीपर्यंत डाग असेल तर ओल खालून चढत आहे. डाग वरून खालीं उतरत असेल तर माळवद किंवा पन्हळ गळत आहे. खिडकीच्या कोपऱ्यांभोंवतीं असेल तर उंबऱ्याचा उतार आंतल्या बाजूस झालेला असतो. मग लांकडी मुठीनें भिंत ठोकीत जावें. भरीव आवाज आला तेथें गिलावा धरून आहे. पोकळ आवाज आला तेथें तो सुटला आहे. पोकळ जागांभोंवतीं खडूनें रेघ ओढावी. हें काम दहा-बारा वर्षांचीं मुलें उत्तम करितात, मात्र शिडीवर चढण्याचें काम मोठ्यांकडे असावें. भिंतीस उभी रुंद चीर असेल, किंवा ओळंबा सोडल्यावर भिंत बाहेर झुकलेली दिसली, तर गिलाव्याचा विचार बाजूस ठेवून जाणत्या स्थापत्यविशारदास बोलवावें. फुगलेली भिंत झाकल्यानें सुरक्षित होत नाहीं. आणि पावसाळ्यांत जुन्या भिंती पडून माणसें दगावतात, हें आपण दरवर्षीं वाचतों.

आमच्या या घरीं पाहणींत असें निघालें कीं, तीन भिंतींचा गिलावा बहुतेक धरून आहे. पश्चिमेची भिंत मात्र वरून भिजते, कारण पन्हळ फुटली आहे, आणि खालून भिजते, कारण न्हाणीचें पाणी जोत्याशीं मुरतें. म्हणजे चारही भिंती उतरविण्याची आवश्यकता नव्हती, आणि नुसता गिलावा बदलून पश्चिमेची भिंत टिकलीही नसती.

कामाचा क्रम व हंगाम

क्रम नेहमीं वरून खालीं व कारणापासून परिणामाकडे असावा. आधीं माळवद व पन्हळ, मग न्हाणीची मोरी व जोत्याभोंवतालचा उतार, मग विटांच्या सांध्यांतील दरजा भरणें, नंतर गिलावा, आणि सर्वांच्या शेवटीं सफेदी. उलट क्रमानें काम केलें तर प्रत्येक पुढचें काम मागच्याचा नाश करितें. विजेच्या तारा व नळ बदलावयाचे असतील तर तेही गिलाव्यापूर्वीं आटपावे.

हंगाम दिवाळीनंतरचा. तोंपर्यंत भिंती सुकतात, ऊन सौम्य असतें, आणि कार्तिकापासून माघापर्यंत गिलाव्यास जून होण्यास अवसर मिळतो. चैत्रांत सुरू केलेलें चुन्याचें काम उन्हानें वाळून जातें आणि ज्येष्ठांत पावसाच्या तोंडीं सांपडतें. सुटलेला गिलावा उतरवून सांधे अर्धा-पाऊण इंच खरवडावे, भिंत झाडून पाण्यानें भिजवावी, आणि एक भाग चुना व दोन भाग वाळू या प्रमाणाचे पातळ थर द्यावे. एक थर अर्ध्या इंचाहून जाड नसावा. पहिला आंवळल्यावर दुसरा द्यावा. वरून ओलीं गोणपाटें सोडून उन्हापासून राखावा. सफेदीही एकच जाड न देतां पातळ हात तीनचार द्यावे.

आपल्या शहरांत आणखी एक गोष्ट पाहावी लागते. केंद्रसंरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंतचा भाग कायद्यानें प्रतिबंधित व त्यापुढील २०० मीटरांचा भाग नियंत्रित आहे. त्यांत घर असल्यास दुरुस्तीसाठींही परवानगी घ्यावी लागते. तो अर्ज पावसाळ्यांतच करून ठेवावा.

हिशेब

आतां गणित. पश्चिमेची भिंत ३० फूट लांब व २० फूट उंच आहे. क्षेत्रफळ ६०० चौरस फूट. तींत ३ फूट रुंद व ४ फूट उंच अशा चार खिडक्या, म्हणजे ४८ चौरस फूट, आणि ४ फूट रुंद व ७ फूट उंच एक दरवाजा, म्हणजे २८ चौरस फूट. एकूण ७६ वजा करितां ५२४ चौरस फूट उरतात. गवंडी शंभर चौरस फुटांस एक ब्रास म्हणतो. म्हणजे हें काम ५.२४ ब्रास झालें.

थर सरासरी एक इंच धरला, तर ५२४ ला १२ नीं भागून सुमारे ४३.७ घनफूट ओला माल लागेल. कोरडा माल भिजविल्यावर बसतो, म्हणून एक तृतीयांश अधिक घ्यावा. तो सुमारे ५८.२ घनफूट होतो. एकास दोन प्रमाणानें त्यांत चुना १९.४ व वाळू ३८.८ घनफूट. जुन्या भिंतीस खांचखळगे असतात, म्हणून दहांत एक भाग वाढवून माल मागवावा. पैशांचाही दहावा हिस्सा बाजूस ठेवावा. गिलावा उतरविल्यावर आंत काय निघेल, हें आधीं कोणासच दिसत नाहीं.

हा आंकडा हातीं असला म्हणजे गवंड्याशीं बोलणें सोपें जातें. दर ठरवितांना थराची जाडी, मालाचें प्रमाण, खिडक्या-दरवाजे वजा करून मोजमाप, पाणी मारण्याचे दिवस, परांचीचा व मलबा उचलण्याचा खर्च कोणाकडे, आणि पैसे किती हप्त्यांनीं, हें सर्व एका कागदावर लिहावें. हा अविश्वास नव्हे. लिहिलेल्या बोलण्यामुळें गवंड्याचे कष्टही बुडत नाहींत आणि घरधन्याचे पैसेही. चुन्याचें काम जाणणारे कारागीर आतां थोडे उरले आहेत. त्यांस योग्य दर द्यावा, आणि जमल्यास घरच्या मुलांनीं त्यांच्या हाताखालीं चार दिवस थापी धरून पाहावी.

आमच्या कल्पिलेल्या घरीं शेवटीं असा निर्णय झाला: दिवाळीनंतर पन्हळ व मोरी, मार्गशीर्षांत पश्चिमेच्या भिंतीस चुन्याचा गिलावा, बाकीच्या तीन भिंतींस फक्त ठिगळें व सफेदी. चार भिंतींऐवजीं एकच भिंत उतरविल्यामुळें लग्नाच्या रकमेस धक्का लागला नाहीं. चुना राहिला म्हणून आजोबांचा शब्द राहिला, आणि वैशाखापूर्वीं चारही बाजूंनीं घर पांढरें शुभ्र झालें म्हणून वडिलांचाही. पुढील वर्षीं उत्तरेची भिंत पाहावयाची, असें वहींत टिपून ठेवलें.

विद्यार्थी मित्रहो, येत्या सुट्टींत एवढें करा. आपल्या घराच्या चारही भिंतींचें मोजमाप घ्या, ओलीचे डाग कागदावर काढा, पोकळ जागा खडूनें दाखवा, आणि वरच्या रीतीनें हिशेब मांडून तो वडिलांपुढें ठेवा. चूक निघाली तर ती कागदावर सुधारतां येते. परांची बांधल्यावर निघालेली चूक मात्र रोख पैसे मोजून सुधारावी लागते.